आधीचंच उत्तर

गुरुवारी संध्याकाळी इद्रिया गावच्या बंबखान्याच्या माडीवरची पितळी घंटा वाजली, की खाली गाडी पुसत बसलेला जवान मान वर न करताच ओरडायचा, "आग लागली की अक्कल आली?"

"अक्कल!" वरून उत्तर यायचं.

"मग चालू द्या," म्हणून तो पुन्हा फडकं पिळायला लागायचा.

माडीवर जमणारी मंडळी तीनच, पण गोंगाट तिसांचा. तिघांनाही एकच वेड, कोडी सोडवायचं. कुणीतरी कुठून तरी एखादं कोडं पैदा करायचं, तिघांनी त्याच्यावर आपापला प्रोग्राम लिहायचा, आणि मग कुणाचा किती वेळात सुटतो ते बंबवाल्यांच्या फळ्यावर खडूने लिहायचं. ज्याचा सगळ्यात संथ, त्याने पुढच्या गुरुवारी घरून झेलशेव्का, म्हणजे आत सारण गुंडाळलेला पाव, भाजून आणायची, तीही पातीकांदा भरपूर घालून. आणि चालू असलेला प्रोग्राम कुणी दहापट जलद करून दाखवला, तर घंटा. मदत एकमेकांना हवी तेवढी करायची, पण एक नियम पक्का. दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही. जे काय सांगायचं ते तोंडाने, आणि जमेल तेवढं प्रश्न विचारून.

हा नियम मिलोयकाबाईंचा. संगणक कपाटाएवढे होते तेव्हापासून बाई त्यांच्याशी भांडत आल्या होत्या. आता निवृत्त होत्या, पण भांडण काही निवृत्त झालं नव्हतं. दुसरा गाश्पेर, यंत्रांच्या कारखान्यात कामाला. एका सेकंदाचा शंभरावा भाग वाचला तरी त्या माणसाच्या घरी सण. आणि तिसरी पोलोना. ती रोज गाडी हाणत ल्युब्ल्यानाला जायची, एका विमा कंपनीत अर्जांचे प्रोग्राम लिहायची, आणि आठवडाभर ज्या दिवसाची वाट बघायची तो गुरुवार.

या वसंतात मात्र पोलोनाने आणलेलं कोडं फळ्यावरच्या खेळापुरतं नव्हतं. त्यात तिचा जीव अडकला होता.

वर डोंगरात, लेदिने गावी, तिच्या विंकोकाकांचं मधमाश्यांचं माशीघर होतं. लाकडी खोली, तिच्या पुढच्या भिंतीत कप्प्यांसारख्या रचलेल्या मधपेट्या, प्रत्येक पेटीच्या तोंडावर एक रंगवलेली फळी. पोलोनाचं अर्धं लहानपण त्या खोलीत गेलं होतं. आई-वडील कामावर, आणि ही काकांच्या मागे धूर धरून उभी. पण हिवाळ्यात काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, उतारावर काठी टेकत चढणं जिवावर यायला लागलं, आणि ईस्टरच्या जेवणावर त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या मोसमात एक जरी थवा हातचा गेला ना, तर पेट्या झिरी गावच्या इझिदोरला. तो कधीचा मागतोय. निदान बघेल तरी त्यांच्याकडे."

"मी आहे की काका," पोलोना म्हणाली होती.

"तू रविवारची आहेस पोरी. माश्या रविवार बघून उडत नाहीत."

ते तिला फार लागलं. लागलं, कारण खरं होतं.

पेटीत माश्या मावेनाशा झाल्या की मोहोळ उठतं, म्हणजे अर्ध्या माश्या एका राणीमाशीला घेऊन नवं घर शोधायला निघतात. सातव्या पेटीतून पहिला थवा मे महिन्याअखेर उठला, तो नशिबाने रविवारीच. पोलोनाने तो सफरचंदाच्या फांदीवरून खोक्यात झटकून घेतला आणि काकांनी ओठ दाबून मान डोलावली. पण पहिल्यामागून बहुतेक वेळा दुसरा थवा निघतो. तो निघायच्या आधी मात्र सूचना मिळते. नवी राणी बाहेर पडते आणि संध्याकाळ झाली की ओरडते, बारीक पिपाणीसारखं, तू, तू-तू-तू. अजून बंद घरांत कोंडलेल्या तिच्या बहिणी आतून गुरगुरून ओ देतात. ही पिपाणी ऐकू आली, की पुढच्या एखाद्या चांगल्या उन्हाच्या दिवशी थवा निघणार. आधी कळलं तर माणूस रजा टाकून खोकं घेऊन उभं राहील. नाही कळलं तर गेला थवा रानात.

म्हणून पोलोनाने सातव्या पेटीच्या मागच्या दाराआड एक छोटं यंत्र बसवलं. त्याला माइक, बॅटरी, छपरावर तळहाताएवढी सौरपट्टी. यंत्राने मिनिटामिनिटाचा आवाज ऐकायचा, त्यात राणी शोधायची, आणि रात्र पडायच्या आत पोलोनाच्या फोनवर एक शब्द पाठवायचा, "शांत" किंवा "राणी", आणि सोबत बॅटरीचा आकडा. वर रेंजच एवढी मरतुकडी, की एखाद्या शब्दा-आकड्यापेक्षा जास्त काही जायचं नाही.

पण यंत्र मोजून मोजून दमायचं. एका मिनिटाचा आवाज तपासायला त्याला एवढा वेळ लागायचा, की संध्याकाळी ऐन राणी गायच्या वेळेला बॅटरी मान टाकायची.

"तुला त्यात सूर किती शोधायचेत?" पहिल्याच गुरुवारी मिलोयकाबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"एक. राणीचा."

"आणि मोजतेस किती?"

पोलोना जरा घुटमळली. "सगळेच मोजते. सगळा आवाज सुटा करते आणि मग त्यातला तेवढा बघते."

"म्हणजे वरातीत तुला एकटा नवरदेव शोधायचाय आणि तू बँडवाल्यांची सुद्धा टोपी काढून बघतेस!"

गाश्पेर फस्सकन हसला. पोलोनाने कपाळावर हात मारला. एकाच सुरापुरता हिशेब करायची सोपी रीत तिला कॉलेजात शिकवली होती, परीक्षेत आली होती, आणि ती विसरून बसली होती. तासाभरात प्रोग्राम बदलला, फळ्यावरचा जुना आकडा पुसला, घंटा वाजली. खालून आगीची चौकशी झाली.

तेवढ्याने भागलं असतं, पण पाऊसपाण्याचा आठवडा लागला. ढगांतून सौरपट्टीला मिळायचं काय, तर उष्टं ऊन. यंत्र पुन्हा दिवेलागणीला गारद. मग गाश्पेर हट्टाला पेटला. त्याने पोलोनाला प्रश्न विचारून विचारून भंडावलं. हा आकडा एवढा लांब कशाला? हे पुन्हा पुन्हा का वाचतेस? याला आत का ठेवलंस, बाहेर का नाही? दर प्रश्नाला थोडा वेळ वाचत होता, आणि खरं सांगायचं तर पोलोनाला आता राग यायला लागला होता. पेट्या तिच्या, यंत्र तिचं, आणि फळ्यावरच्या प्रत्येक सुधारणेत अक्कल गाश्पेरची! एक तरी उडी आपली स्वतःची हवी, असं तिच्या डोक्यात बसलं.

ती उडी तिला सापडली. कोडी सोडवणाऱ्यांची ती आवडती युक्ती आहे. एकदा काढलेलं उत्तर लक्षात ठेवायचं आणि तोच प्रश्न पुन्हा आला, की डोकं न चालवता आधीचंच उत्तर द्यायचं. पेटीतला आवाज तासन् तास एकसारखाच तर असतो, नुसती गुणगुण. मग दर मिनिटाला मोजायचं कशाला? पोलोनाने आवाजाची एक ढोबळ खूण बनवली, साधारण किती मोठा, साधारण किती चढ-उतार. खूण ओळखीची निघाली तर यंत्राने मोजायचंच नाही, आधीचं उत्तर सांगून मोकळं व्हायचं.

तिघांनी तपासणीसाठी एकच ठेवणीतला आवाज ठरवला होता, काकांनी जुन्या वर्षांत हौसेने रेकॉर्ड केलेला. त्यात राण्याही होत्या आणि नुसती गुणगुणही. पोलोनाचा नवा प्रोग्राम त्यावर चालवला. एकही उत्तर चुकलं नाही, आणि वेळ? गाश्पेरने फळ्यावरचा आकडा दोनदा वाचला, मग खुर्चीवरून उठून चक्क घंटेची दोरी पोलोनाच्या हातात दिली.

"वाजव बाई, वाजव. मी हरलो. झेलशेव्का माझ्याकडे लागली."

पोलोनाने घंटा अशी बडवली, की जवान खरोखरच जिना चढून वर आला.

रविवारी तिने नवा प्रोग्राम सातव्या पेटीत बसवला. काका बाकावर बसून बघत होते. त्यांनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पोलोनाचं डोकं तारांत होतं.

सोमवारी संध्याकाळी फोनवर शब्द आला, "शांत". बॅटरी भरलेली. मंगळवारी पुन्हा "शांत", बॅटरी भरलेली. पोलोनाला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. कितीतरी दिवसांनी पोट भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं. ती लॅपटॉप उघडून बॅटरीचा आलेख काढत बसली, गुरुवारी गाश्पेरच्या नाकासमोर धरायला. तेवढ्यात काकांचा फोन आला.

काकांचा फोन रोज यायचा, जेवणाच्या सुमाराला. प्रश्न ठरलेले चार. जेवलीस का? गाडी नीट चालतेय ना? ऑफिसात बरं चाललंय ना? रविवारी येतेस ना? उत्तरंही ठरलेली. पोलोना फोन खांद्यात धरून भांडी घासत, मेल वाचत, सिग्नलला थांबून ती देत असे. हो काका. हो काका. बरं चाललंय काका. हो, येते. त्यात काही वावगं होतं असं नाही, प्रेम होतंच. पण सवय झाली होती. त्या मंगळवारी काका नेहमीपेक्षा जरा जास्त बोलले, एवढं तिच्या कानाला जाणवलं. आलेखातली एक रेघ वाकडी आली होती, ती सरळ करता करता ती म्हणाली, "हो काका. बरं काका. रविवारी येते." मग "बरं पोरी," म्हणून काकांनी फोन ठेवला.

बुधवारी त्यांचा फोन आला नाही. पोलोनाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण यंत्राचा शब्द आला होता. शांत.

गुरुवारी तिने आलेख आणला, गाश्पेरने झेलशेव्का आणली. झेलशेव्का खालून करपली होती आणि वरून कच्ची होती.

"ही जलद करायला गेलास ना?" मिलोयकाबाई म्हणाल्या, आणि आलेख हातात घेऊन खिडकीपाशी गेल्या. रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. बाई गप्प झाल्या, की माडीवर उगाचच सगळ्यांना आपापल्या चुका आठवायला लागत.

"काय झालं बाई?" पोलोनाने विचारलं.

"बघतेय. आठवडाभर ऊन किती होतं?"

"कुठलं ऊन, ढगच होते. तीच तर गंमत! ढगांत सुद्धा बॅटरी भरलेली."

"हं. दिवसभर राबलेलं माणूस संध्याकाळी जरा तरी दमलेलं दिसतं. हे तुझं दमतच नाही गं."

"जलद झालंय म्हणून दमत नाही," गाश्पेर तोंडातला घास सावरत म्हणाला. "आता त्याच्यावरही तक्रार? तुम्हाला ना बाई, सुख बोचतं."

"तक्रार नाही रे बाबा. कुतूहल. जलद काम करणं वेगळं आणि कामच न करणं वेगळं. दोघांची बॅटरी बाहेरून सारखीच दिसते." त्यांनी आलेख पोलोनापुढे ठेवला. "रविवारपासून त्याने प्रत्यक्ष मोजलंय किती वेळा? आधीचं उत्तर सांगितलेलं सोडून दे. मोजलं किती वेळा?"

पोलोनाला माहीत नव्हतं. तो आकडा पाठवायची सोय होती, पण तिने कधी मागितलाच नव्हता. तिने फोनवरून यंत्राला विचारलं. वरच्या मरतुकड्या रेंजमधून उत्तर यायला वेळ लागला, तोवर तिघांनी पैजा लावल्या. गाश्पेर म्हणाला शंभर, पोलोना म्हणाली निदान पन्नास. बाईंनी आकडा सांगितला नाही.

उत्तर आलं. एकदा.

"एकदा?" गाश्पेर म्हणाला. "एक शून्य शून्य असेल, रेंज तुटली असेल."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. रविवारी दुपारी, पोलोना जवळ उभी असताना, यंत्राने एकदा आवाज मोजला होता, शांत म्हणून ठरवला होता, आणि तेव्हापासून आलेल्या प्रत्येक मिनिटाला "हे तर ऐकलेलंच आहे" म्हणून तेच उत्तर देत बसलं होतं.

पण पोलोनातली कोडी सोडवणारी बाई घाबरली तरी गप्प बसणारी नव्हती. "थांबा, असं कसं? आपल्या तपासणीत तर प्रत्येक राणी सापडली होती. एकही सुटली नाही. मग इथेच का?"

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस. तिथे काय होतं जे इथे नाही?" बाईंनी विचारलं.

"आवाज काकांनी घेतलेले. माइक पेटीला चिकटवून..." पोलोना बोलता बोलता थांबली. काकांच्या रेकॉर्डिंगमध्ये राणी ठणठणीत ओरडत होती, तिची खूण गुणगुणीपेक्षा वेगळी पडणारच. तिचा स्वतःचा माइक मात्र दाराआड, लाकडामागे. "राणीचा आवाज बारीक करून बघू," ती म्हणाली. तिने काकांच्या रेकॉर्डिंगमधल्या सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या राणीचा आवाज हळू केला, गुणगुणीत मिसळला, आणि प्रोग्राम चालवला.

शांत.

दुसरी राणी. शांत. तिसरी. शांत. तिघंही कान देऊन ऐकत होते, राणी त्यांना चांगली ऐकू येत होती, तू, तू-तू-तू, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ येत होती, शांत, शांत, शांत. पोलोनाच्या खुणेची चाळणी एवढी ढोबळ होती, की त्यातून अख्खी राणी गळून पडत होती. जुना, संथ, बॅटरी खाणारा प्रोग्राम लावून बघितला. त्याने प्रत्येक राणी ओळखली.

"माझंच चुकलं," गाश्पेर हळूच म्हणाला. "मी तपासायला हवं होतं. मी नुसता आकडाच बघितला."

"चुका नंतर वाटून घ्या," म्हणत मिलोयकाबाईंनी जाकीट अंगात अडकवलं. "चार दिवस त्या पेटीत काय चाललंय ते कुणालाही माहीत नाही. गाडी काढ."

घाटाची वळणं गाश्पेर घेत होता आणि पोलोना मागे बसून नखं खात होती. आज दुपारी जरा ऊन पडलं होतं. थवा आजच गेला असला तर? काकांना कुठल्या तोंडाने सांगायचं? मी यंत्र लावलं होतं काका, ते फार जलद होतं काका. तिला रडूच कोसळायचं राहिलं होतं.

लेदिनेला पोचले तेव्हा डोंगराच्या माथ्यावर अजून उजेड होता. माशीघराच्या दारात एक निळी गाडी मागची दारं उघडून उभी होती. एक रुंद खांद्यांचा माणूस पेट्यांच्या तोंडांत स्पंजच्या पट्ट्या खोचत होता. पेट्या हलवायच्या असल्या की असंच करतात, संध्याकाळी, सगळ्या माश्या घरी आल्यावर. वरची रांग बंद झाली होती. विंकोकाका बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते आणि दुसरीकडे बघत होते.

तो झिरीचा इझिदोर होता.

"थवा गेला?" पोलोना गाडीतून जवळजवळ पडलीच. "काका, गेला का थवा?"

"कुठला थवा?" काकांनी मान वळवली. "कुठे काय गेलंय?"

"मग हे काय? एक थवा गेला तर द्यायच्या असं ठरलं होतं ना? मग हा का पेट्या नेतोय?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना खरोखर कळत नव्हतं. "तूच तर हो म्हणालीस."

"मी? कधी?"

"मंगळवारी. फोनवर." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रविवारी तुला बघत होतो. तारांत डोकं घालून बसलेलीस, तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, पोरीला आपण उगाच ओझं लावून दिलंय. म्हणून विचारलं, तुला झेपत नसेल तर देऊन टाकू का इझिदोरला? तू हो काका, बरं काका म्हणालीस. एवढ्या पटकन म्हणालीस, की मला वाटलं, तू वाटच बघत होतीस."

पोलोनाला आलेखातली ती वाकडी रेघ आठवली. खांद्यात धरलेला फोन आठवला. काकांचा आवाज, जेवणाची वेळ, नेहमीचा सूर, ओळखीची खूण. मिलोयकाबाई तिच्यामागे उभ्या होत्या, त्यांनी पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. गाश्पेर बुटांकडे बघत होता.

"काका," ती म्हणाली, "मी ऐकलंच नव्हतं."

"रेंज नव्हती का?"

"रेंज होती. मीच नव्हते. तुमचा आवाज आला आणि मी आधीचंच उत्तर दिलं. रोज तेच देते." ते सांगताना तिचे कान लाल झाले. "तुम्ही काय विचारताय ते कितीतरी दिवस मी ऐकतच नाहीये."

इझिदोर हातातली पट्टी तशीच धरून उभा होता. कुठल्याही चांगल्या माणसाला दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात जसं अवघडतं, तसा तो अवघडला होता. "मी जरा गाडीत बसतो," तो म्हणाला.

"बसू नकोस," काका म्हणाले. "पट्टी लाव. सातवी राहिली."

"सातवीला नका लावू!" पोलोना ओरडली, आणि कुणाचं काही न ऐकता माशीघरात शिरली. आत मेणाचा आणि उबेचा वास होता. तिने सातव्या पेटीचं मागचं दार काढलं, यंत्र बाजूला सारलं आणि जाळीला कान लावला. आधी नुसती गुणगुण. मग आतून कुठून तरी, अगदी बारीक, तू. तू-तू-तू. आणि लगेच बंद घरांतून बहिणींचं गुरगुरणं.

"आहे!" ती म्हणाली. "अजून आहे! काका, राणी आहे!"

इझिदोरने आत येऊन कान लावला. मग मिलोयकाबाईंनी. मग गाश्पेरने. त्याने आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष राणी ऐकली. तो असा काही हरखला, की जाळीपासून हलेचना. "ही तर अगदी पिपाणी वाजवते," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "कितीदा मोजली मी ही, आणि ऐकतोय आज."

"उद्या ऊन पडलं तर उद्याच निघेल," इझिदोर म्हणाला. "ही पेटी मी आज हलवणार नाही, विंको. बाकीच्यांचं तुम्ही ठरवा."

पोलोना बाहेर आली आणि बाकासमोर उकिडवी बसली, लहानपणी बसायची तशी. "काका, मला पुन्हा विचारा."

"काय विचारू?"

"सगळंच. रोज विचारता ते. पहिल्यापासून."

"आता? एवढ्या लोकांपुढे?"

"हो. विचारा ना."

काकांनी घसा खाकरला. त्यांना लाज वाटत होती. "जेवलीस का?"

पोलोनाच्या ओठांवर हो आलंच होतं. तिने ते गिळलं, आणि खरोखर आठवून बघितलं. "नाही. सकाळपासून नुसती कॉफी. आणि गाश्पेरची करपलेली झेलशेव्का."

"गाडी नीट चालतेय ना?"

"नाही. ब्रेक कधीचे करकरतात. दाखवायला वेळच काढला नाही."

काकांच्या भुवया वर गेल्या. "ऑफिसात? ऑफिसात बरं चाललंय ना?"

"नाही हो काका. कंटाळा आलाय. रोज तिथे जाताना वाटतं, गाडी वळवावी आणि इथे यावं."

इतकी वर्षं काका रोज विचारत होते, आणि उत्तर मिळालं होतं आज. मग त्यांनी चौथा प्रश्न विचारला. "रविवारी येतेस ना?"

"नाही," पोलोना म्हणाली. "आजच राहते. उद्याची रजा टाकते. खोकं घेऊन उभी राहते, थवा निघेपर्यंत. उद्या नाही निघाला तर परवा."

"आणि मग..." काकांनी निळ्या गाडीकडे बघितलं, आणि मंगळवारचा प्रश्न पुन्हा विचारला. "झेपत नसेल तर देऊन टाकू का गं या?"

"नको, काका. नका देऊ."

काकांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, बराच वेळ, जरुरीपेक्षा जास्त. मग काठी टेकत उठले. "ऐकलंस ना, इझिदोर?" ते म्हणाले. "काढ बाबा पट्ट्या. उगाच दमवलं तुला."

"दमायला काय झालं," इझिदोर म्हणाला, आणि वरच्या रांगेपासून एकेक पट्टी ओढून काढायला लागला. गाश्पेर त्याला मदत करायला गेला आणि पहिल्याच पेटीवर माशी चावून घेतली.

मिलोयकाबाई सातव्या पेटीची रंगवलेली फळी निरखत होत्या. तिच्यावर दोन बायका तिसऱ्या बाईची जीभ सहाणेवर धरून धार लावत होत्या. "ही मधली कोण ते विचारू नका कुणी," त्या म्हणाल्या. मग पोलोनाकडे वळल्या. "तो जुना, संथ प्रोग्राम आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"तो बसव. बॅटरी मोठी आणू. उद्या मी पण येते, खोकं धरायला."

काका घराच्या दारात पोचले होते. तिथूनच त्यांनी हाक मारली, "जवाचं पातळ रिचेत गरम करतोय! किती वाढू?"

पोलोना हो म्हणणार होती. मग तिने विचार केला. "भरपूर," ती म्हणाली, "पण गाजरं काढून."

"गाजरं आवडत नाहीत तुला?" काकांना धक्काच बसला. "कधीपासून?"

"लहानपणापासून, काका."

काका मान हलवत आत गेले. पोलोना त्यांच्यामागोमाग गेली, ताट घेऊन परत आली, आणि माशीघरात सातव्या पेटीला टेकून, ऐकत, जेवत बसली.